उर्फ

जिल्हा न्यायालयाच्या मागच्या फाटकाजवळ, चिंचेखाली
माझं टेबल. एका पायाखाली वीट.
टंकयंत्र सासऱ्याच्या वेळचं.
बाजूच्या पोराकडं कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे,
तरी नाव बदलणारे माझ्याकडंच येतात.
काहून येतात, त्यांनाच ठाऊक.
मी मान वर करून बघत नाही, म्हणून असेल.

सगळ्यात झिजलेली कळ रफाराची.
दिवसाला तीस-चाळीस वेळा उर्फ.
आता तो उमटत नाही, टोचतो.

मे महिना. डांबर चप्पल सोडत नाही.
मोमिनपुऱ्याची नुसरत मस्कतला निघालीय, नर्स म्हणून.
गुणपत्रिकेवर नुसरत, आधारवर नुसरथ,
रेशनकार्डावर नुस्रत बी.
"तिघी सारख्याच दमल्यात," म्हणाली,
"पण विमानात एकीचीच जागा आहे."

जरीपटक्याची किशनीबाई. जन्म घोटकीचा.
अठ्ठावीस वर्षं इथं पापड लाटते,
आणि व्हिसा वाढवायला अजून रांगेत उभी राहते.
तिकडचे शेजारी म्हणायचे, तुमचा देश पलीकडे.
इकडचे तेच म्हणतात, बोट फक्त उलट्या दिशेला.
जन्मस्थानाच्या रकान्यापाशी मी थांबले.
"लिख दे, घर," ती म्हणाली.
रकान्यात घर चालत नाही.
मी घोटकी टाइप केलं.

आणि सुजात.
सुजात आनंद गणवीर, इंदोऱ्याचा,
डब्लिनला नोकरी लागलेला.
"आडनाव काढायचं. बाबांचं नाव तेच शेवटी."
कारण लिहावं लागतं.
"वैयक्तिक," म्हणाला. सगळे तेच म्हणतात.
बाप आत आला नाही.
अजनीच्या शेडमध्ये जन्मभर इंजिनं उघडलेला माणूस
पानठेल्यापाशी उभा,
सुपारी तळहातावर, तोंडात टाकेना.
पहिल्या बोनसमधून त्यानं सीताबर्डीहून
पितळी अक्षरं करून आणली होती दारासाठी.
हे मला पानठेलेवाल्यानं नंतर सांगितलं.

तीन वर्षांनी पोरगा परत आला. तीच खुर्ची.
या वेळी मी मान वर केली.
मी विचारलं नव्हतं, तोच सांगायला लागला:
दिवाळीला आपल्याच लोकांनी बोलावलं होतं.
भाड्याचा हॉल, कागदी कंदील, चकल्या.
एका काकूंनी विचारलं, आनंद म्हणजे पंजाबी का रे?
नाही, नागपूर.
अगंबाई, माझं माहेर धरमपेठ! तू कुठला?
इंदोरा.
"अस्सं," म्हणाल्या काकू,
आणि बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत राहिल्या.
कुणी काही बोललं नाही, बाई.
चकल्याही बांधून दिल्या.
पुढच्या वर्षी फक्त निरोप आला नाही.
तिथल्या गोऱ्यांना इंदोरा कुठं माहीत आहे?
आडनाव काढलं. पत्ता कसा काढू?

मी कागद चढवला.

माझंही नाव बदललं होतं, लग्नात.
ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं गिरवलं,
सगळ्यांनी माना तिरक्या करून वाचलं.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.
मीही जेवले.
मुद्रांक कुणी मागितला नाही.

या वेळी बाप आत आला.
स्टुलावर टेकला नाही.
"बाई, उर्फ नोका लावू. गणवीर म्हन्जे गणवीर."
"लावा लागते जी. मधली तीन वर्षं कागदावर आहेत ना."
तो बराच वेळ यंत्राकडं बघत राहिला.
"मंग वाचून दाखवा बरं."
मी वाचलं:
सुजात आनंद गणवीर
उर्फ सुजात आनंद.
"म्हन्जे," बोटांवर मोजल्यासारखं करून तो म्हणाला,
"दोनीकडून मीच आहो."
पोरगा खाली बघत होता. कान लाल.

पैसे दिले. सुटे परत घेतले, मोजून.
मग कागद उन्हाकडं धरला.
रफाराच्या जागी भोक पडलेलं,
त्यातून उन्हाचा ठिपका
त्याच्या सदऱ्याच्या खिशावर.

"कळ खराब झाली तुमची, बाई," तो म्हणाला.
"सोमवारी येतो. माह्याकडं कानस आहे."