षष्ठी

पोर्ट नॉलथच्या उत्तरेला पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट.
समुद्रावरून धुकं येतं, रात्री दोनच्या सुमाराला,
आणि वाळूतून कुणी रबरी खेळणं दाबावं
तसा आवाज निघतो.
तोच तो.

मूठभर. गोल. मान नाही.
पोहता येत नाही, उडीचं नाव नको.
मागच्या पायांनी उकरत, मागे मागे सरकत,
दरबारातून निघालेल्या माणसासारखा
जगाकडे तोंड ठेवूनच जमिनीत जातो.
पोटाची कातडी इतकी पातळ की आतडं दिसावं;
त्या खिडकीतून ओली वाळू पितो.

ब्लासॉप म्हणतात सगळे, म्हणजे फुगणारा.
माग्रीता डोमरोख दुसरंच काही म्हणते.
तिच्या शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे
कुणाचं वाईट ऐकून, जीभ दातांमागे लावून,
आपण च्च करतो, तो आवाज.
आपली हळहळ, तिचं व्यंजन.
बाराखडीत त्याला जागा नाही
म्हणून तो शब्द इथे लिहिलेला नाही.

झिमासा चार हिवाळे येत राहिली.
तंबू, रेकॉर्डर, वर्नियर,
डोळ्यापासून नाकपुडीपर्यंतचे मिलिमीटर.
पण ठसे ओळखायला माग्रीतानेच शिकवलं,
चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अनवाणी, टॉर्चशिवाय.
म्हणून नाव तिचंच द्यायचं ठरलं :
लॅटिनची षष्ठी लावून, माग्रीतेचा.

"माझा कशाने? मी पाळलाय का?"
म्हणाली, आणि आत जाऊन
केस विंचरून आली, फोटो काढतील म्हणून.

मग बर्लिनच्या एका पोटमाळ्यावर बरणी निघाली.
आत हाच, पिवळा पडलेला, हवा गेलेला,
पायाला दोऱ्याने चिठ्ठी : १९०८.
कुणा लेफ्टनंटने पकडला, भलत्याच प्रजातीत घातला,
आपल्या कप्तानाची षष्ठी लावली
आणि अडीच ओळींत छापून टाकला.
नियम एवढंच विचारतो, आधी कुणी छापलं.
नदीपलीकडे कप्तानाने काय केलं
हा रकाना त्यात नाही.

झिमासा सांगायला आली तेव्हा
माग्रीता स्नूक मासा खारवत होती.
"कुठलं साल म्हणालीस?"
"आठ."
"त्याच्या आदल्या वर्षी माझ्या बापाला पाठीला बांधून
त्याच्या आईने नदी ओलांडली.
याच कप्तानामुळे असेल. नसेलही.
कप्तान पुष्कळ होते."

मिठाचे हात पुसले. मग म्हणाली,
"मलाही एकदा लावलं होतं वर्गवारीत.
टेबलामागे साहेब होता. केसांत पेन्सिल खोचली,
म्हणाला, मान हलव.
माझी अडकून राहिली, बहिणीची पडली.
एका आईच्या दोघी, दोन जाती.
ती पुढे रस्त्यात दिसली तरी
मीच आधी बाजूला व्हायचे.
बेडकाला लावलीत का पेन्सिल?"

झिमासाला हसावं की काय कळेना.
वर्नियर कोटाच्या खिशात होतं.

शेवटी छापून आलं. बेडूक योग्य प्रजातीत गेला,
आणि प्रजाती बदलली की नियमाप्रमाणे
पहिल्या नाव देणाऱ्याला कंसात बसवतात.
तेवढीच शिक्षा, लेफ्टनंटला.
ज्या बाईने बेडूक हलवला तिचं नाव
नावात कुठेच येत नाही.
कप्तानाचा चा मात्र कायमचा.
ऋणनिर्देशात, चौथ्या ओळीत : एम. डोमरॉक, ठशांसाठी.
आडनाव चुकलंय.

तो कागद माग्रीताने खारवलेल्या माशाखाली अंथरला,
रागाने नव्हे, कोरडा होता म्हणून.

रात्री धुकं आलं.
ती दारात उभी राहिली
आणि च्च ने सुरू होणाऱ्या नावाने हाक मारली.
कुणी ओ दिली नाही.
कधीच देत नाही, ती म्हणते,
कप्तानालाही द्यायचा नाही.
सकाळी पायरीपासून पाच पावलांवर
एक गोल, विस्कटलेली जागा होती,
अजून ओली.