दहावा

खारच्या क्लिनिकमधून निघताना
जिस्ना सिस्टरने छापील कागद दिला, वर तोंडीही सांगितलं:
वाकायचं नाही. घाम नको. ऊन नको.
झोपायचं ते अर्धवट बसून, मानेभोवती प्रवासातली उशी.
दर अर्ध्या तासाने सलाइनचा फवारा,
लांबून, अत्तर मारल्यासारखा.
आणि हा, तिने माझा उजवा हातच धरला,
हा वर न्यायचा नाही. दहा दिवस.
दोन हजार एकशे चाळीस.
मशीन फिरवून साफ केलेल्या डोक्यात
मागून काढून पुढे खोवलेले,
अजून कुठलेच नसलेले.

ऑफिसात कावीळ सांगितली होती.
घरी कुणाला सांगायचा प्रश्न नव्हता, घरी मीच.
मुलुंडच्या खिडकीत ऑक्टोबर तापलेला.
पहिल्या तीन रात्री मी डोकं असं सांभाळलं
जसा कुणी काठोकाठ भरलेला चहा
बशी न हिंदकळता दुसऱ्या खोलीत नेतो.

चौथ्या दिवशी सूज कपाळावरून खाली सरकली.
कागदावर होतंच ते: घाबरू नका, उतरेल.
उतरली ती डोळ्यांत.
पापण्या पाकातल्या गुलाबजामासारख्या.
आणि त्याच सकाळी माहीमहून फोन,
भालचंद्रकाका गेले.

भालचंद्र. नावातच लख्ख.
मी सातवीत असताना माझ्या भांगाशी बोट टेकवून म्हणाले होते,
"इथून सुरुवात होईल, चिरंजीव.
आपल्या घराण्यात जमीनजुमला नाही. हे आहे."

दादरच्या स्मशानात सैल टोपी घालून गेलो.
खांद्याला बोलावलं
तेव्हा एक पाऊल मागे सरकलो.
बांबू, घाम, ढकलाढकली.
माझी जागा खालच्या मजल्यावरच्या परेराने घेतली,
चपला काढून, नीट.
लोक माझ्या डोळ्यांकडे बघून कुजबुजले,
फार लावून घेतलंय पोरानं.
मी गप्प बसलो.
सलाइन होतं ते, सगळं सलाइन होतं
असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

घरी पंख्याखाली टोपी जरा वर केली
तर कुमुदकाकीला तेवढंच दिसलं,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात रात्रभराचं जागरण.
"कुणी सांगायच्या आधीच केस दिलेस रे बाळ्या?"
म्हणून तिने हात पुढे केला, कुरवाळायला,
आणि मी मान झटक्याने मागे घेतली.
चटका बसल्यासारखी.
तो हात तसाच राहिला हवेत,
मग पदराकडे गेला,
काहीतरी शोधायचं होतं असं दाखवत.

सहाव्या दिवसापासून खाज.
हात मांडीखाली दाबून बसायचो
आणि खाजवण्याऐवजी
तो हवेतला हात आठवायचो. उतारा म्हणून चालायचा नाही.

दहाव्याला फेस लावून, मगाने हळूहळू पाणी सोडत
खपल्या धुतल्या. मगात केस तरंगले,
नवे, विकतचे, खपलीला धरून.
घाबरून जिस्नाला फोटो पाठवला.
तिचं उत्तर: केस जाऊ दे. मूळ आत आहे.
आता ओढलं तरी येणार नाही.
तीन आठवड्यांत उरलेलेही गळतील, मग कधीतरी उगवतील,
चार महिने धीर धरा.

माझा तेरावा, त्यांचा दहावा.
बाणगंगेच्या पायरीवर न्हाव्याने टोपी काढली,
पुढचे लाल ठिपके पाहिले, मागचे पाहिले,
वस्तरा खाली ठेवला.
"कितीला पडलं?" हळूच, चुलतभावांना ऐकू जाणार नाही असं.
मी आकडा सांगितला.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता.
"मिशी द्या मग," म्हणाला.
दिली.

संध्याकाळी माहीमला काकीच्या पाया पडलो.
वाकायची परवानगी होती आता.
थांबलो वाकूनच. हात आला नाही.
ती शिकली होती.
मग मीच तो तिच्या मांडीवरून उचलला,
हलका, लसणाच्या वासाचा,
आणि पुढे, अगदी पुढच्या रांगेवर ठेवला.

तिने बोटं फिरवली थोडा वेळ.
"खरखरीत लागतंय रे,
ह्यांचं कसं गुळगुळीत होतं."