तुडुमाजवळचा दगड

मेहुण्याचा कॅमेरा, चार दिवसांची रजा,
साकोलीच्या स्टँडवर घेतलेली टोपी.
पहिल्या दिवशी दोनशे बारा फोटो काढले
आणि रात्री खाटेवर पडून पाहिले,
तर एकच तलाव, दोनशे बारा वेळा:
वर आभाळ, खाली आभाळ,
मध्ये झाडांची बारीक काळी शिवण.

डोंगा चालवणारे दुधराम वलथरे
जिवंत मासा धरावा तसा कॅमेरा धरून बसले.
बटण दाबत गेले, थांबत गेले.
"हा कोसंबीचा. पावा, मुरमाचा पार.
हे माहुलीची बोडी, पान्यात चिला दिसते.
हा... हा नाई आपल्याकडचा."
तिथंच तर होतो, मी म्हणालो.
"हव जी? मंग तलावाकडं पाठ असन तुमची."
खरंच. ती जीपची काच होती.

पुसून टाकायचा एक राहिला होता,
तिरका, हललेला, माझ्या अंगठ्यासकट.
त्यावर ते सगळ्यात जास्त रेंगाळले.
कोपऱ्यात तुडुमाजवळचा दगड,
दगडावर पाण्याने सोडलेली ओली रेघ.
"दोन बोटं उतरलं पानी.
कोनीतरी रातच्यानं धान पाजते."

दुसऱ्या दिवशी मी कमी बोललो.
शब्द खिशात भरत गेलो शिंगाड्यांसारखे,
बसलं की टोचायचे:
पार, तुडुम,
सलंग, जिथून जास्तीचं पाणी
कुणाला न विचारता निघून जातं.
गाद, पोवन, देवधान.
दाडक, वाघूर, बोटरी.
नाव ठाऊक नसलं
की भिंग कितीही फिरवा, धूसरच,
हे मेहुण्याने सांगितलं नव्हतं.

डोंगा थांबला म्हणून पाणी थांबत नाही.
"लाट मरू द्या," म्हणायचे दुधराम.
लाट मरायला एक विडी लागते.
ऊन पाठीशी हवं, हेही शिकलो,
आणि नेमकी त्याच सकाळी
सारसांची जोडी उतरली बांधीत, उन्हाच्या बाजूला.
कॅमेरा खाली ठेवून नुसता पाहत राहिलो
असं लिहायला आवडलं असतं.
सात काढले. सातही काळे.

तिसऱ्या दिवशी सायत्रा, त्यांची मुलगी,
अन् आणखी तिघी, मांडीभर पाण्यात
बेशरम उपटत होत्या.
फिकी जांभळी फुलं, चौकटीत सगळ्यात देखणी,
आणि उपटायची तीच.
मी डोळा लावला तशी ती म्हणाली,
"माहा नोका काढू. मी उद्याही अशीच दिसन.
तलावाचा काढा. त्या दगडावर उभे राहा.
अना पुढच्या साली तिथूनच आनखी एक.
दोनी बाजूबाजूला ठेवले का समजन
आमी काय करून राह्यलो इथं."

दगड निसरडा होता. चपला काढल्या.
लाट मरेपर्यंत थांबलो.
चित्र असं काही खास नाही:
उपटलेल्या काड्यांचा ढीग, कुणाचं तरी कोपर,
चिखलाने गढूळ झालेला पाण्याचा एक पट्टा,
त्याच्या पलीकडे स्वच्छ, स्थिर पाण्यात
उलटा उभा असलेला सगळा पार,
मोहाची झाडं, एक सायकल, आणि आभाळ.

घरी आल्यावर तेवढाच एक मोठा करून धाडला.

महिन्याने दुधरामांचा फोन.
फोटू पोचला. सोसायटीच्या खोलीत लावला.
पण लावताना भांडण झालं जी,
वर कोन्ती बाजू धराची?
झाडं इकडंही हायेत, तिकडंही हायेत.
मग? मी विचारलं.

मागून सायत्राचा आवाज आला, हसू दाबलेला:
"मासोळीले जशी दिसते
तशी लावली."