स्थावर

ग्रामकचेरीच्या दाखल्यावर तुयाराच्या घरापुढे
एकच शब्द छापलाय: स्थावर.
ती दाखल्याची घडी करून
टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवते.
गेल्या शरदात पुठ्ठ्याचा तुकडा पुरला होता.

खिडकीबाहेर बटाट्याचं शेत होतं.
आता उंटांचा कळप बसावा तसे उंचवटे,
मधे गुडघाभर चर, चरांत पाणी,
आणि कुंपणाचे खांब, जमिनीत नव्हे,
तारेला लोंबकळणारे, पाय हवेत,
पाळण्यात बसलेल्या पोरांसारखे.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण म्हणतो
वाईट बातमी आल्यावर.
याकुतियात ती सरकत नाही.
आतून ओसरते.

उणे पन्नासात माती तडकायची, बार उडाल्यासारखी.
वसंतात भेगेत पाणी उतरायचं
आणि तिथेच गोठून बसायचं.
पुढच्या हिवाळ्यात तीच भेग, नवं पाणी.
एका वर्षाची कमाई नखाएवढी.
उयबानने मांसासाठी तळघर खणलं
तेव्हा दिसली ती पाचर, दोन पुरुष खोल,
काळपट, आत बुडबुडे,
बुडबुड्यांत गावाला नाव पडण्यापूर्वीची हवा.
त्याने कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.
मग घोड्याची मांडी टांगून वर आला.

वर लार्चचं रान होतं, रानाखाली शेवाळ.
पांघरूणच ते.
आजोबांच्या पिढीने धावपट्टीसाठी
एका उन्हाळ्यात ओढून काढलं.
आठवड्याला एक विमान यायचं, टपाल आणि सफरचंदं घेऊन.
कुणाला बोल लावणार? सफरचंदं गोड होती.
पुढे उन्हाळेच लांबत गेले,
आणि ते तर या गावाने लांबवले नव्हते.

तुयारा शाळेत भूगोल शिकवते.
पुस्तक मिटून मुलांच्या हातात लोखंडी सळई देते.
मागच्या वर्षी एक मीटर वीसवर
टण् असा आवाज आला.
यंदा दीड मीटर, आणि सळईच संपली.
एर्चिमेनने विचारलं, बाई, मग खाली काय आहे?
लांब सळई आणू, ती म्हणाली.

परतताना ती त्यांना अलासात नेते,
ताटासारखं गोल कुरण, मधे उथळ तळं,
पोटापर्यंतच्या गवतात घोडे.
इथेही बर्फच होता रे. खचला, तळं झालं,
तळं आटलं, गवत आलं.
उन्हाळ्याच्या सणाला आपण इथेच
घोडीचं दूध शिंपतो, हात धरून फेर धरतो
एका जुन्या पडझडीच्या तळाशी.

म्हणजे आपल्या शेतातही गवत येईल?
येईल.
कधी?
तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली,
दुसऱ्या हातावर गेली,
मग दोन्ही हात खिशात घातले. थंडी होती.

अंगणातला घोडे बांधायचा खांब कलला आहे.
तो उपटायचा नसतो,
पडायचा तेव्हा आपला आपण पडतो.
उयबान जॅक घेऊन आला, घराचा कोपरा उचलून दिला,
चहा प्यायला, पैसे घेतले नाहीत.
पुढच्या वर्षी माझ्याकडे तू ये, म्हणाला.

रात्री तुयाराची लेक गोटी खेळते.
स्वयंपाकघरात गोटी सोडली की
चुलीकडून खिडकीकडे जायची,
जन्मापासून तिला तेच माहीत.
आज ती मधेच थांबली,
विचारात पडल्यासारखी,
आणि दाराकडे निघाली.