मिपेला, युमी

सेपिक नदीच्या वळणावर समितीची होडी लागली.
पेट्रोलचा वास आधी गावात शिरला, माणसं नंतर.
केळीच्या पानावर टेपरेकॉर्डर.
छापील प्रश्न : जमीन कुणाची? गावाचं कोण ऐकेल?
मी दुभाषा,
घसा सुकेपर्यंत इकडचं तिकडे.

काम्बांगू म्हातारी सुपारी चघळत मागे बसलेली.
म्हणाली, पहिली ओळ पुन्हा वाच.
मिपेला, या देशाचे लोक...
"मिपेला म्हणजे आम्ही. ऐकणाऱ्याला वगळून.
मग ऐकणारा कुठल्या देशाचा?"

गोऱ्या कारकुनानं विचारलं, काय म्हणते?
त्याच्या भाषेत आम्हीला आणि आपणला
एकच शब्द.
मी म्हणालो, व्याकरण विचारते.
तो हसला. बॅटरी वाचवायला टेप बंद केली.

तेवढ्यात तिनं नदीपलीकडे बोट दाखवलं.
"माझ्या भावाला मारणारे तिथे राहतात.
ते यात आहेत की नाहीत,
तेवढं सांग."
आणि चुन्याची डबी शोधत बसली.

होडीत मी समासात पेन्सिलीनं लिहिलं :
युमी. आपण.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, जरा बारीक.
मोटर सुरू झाली. पुढचा थांबा
समोरचाच काठ होता.