त्याचा हात त्याने उचलावा

पुंता अरेनासला रात्री वारा दुकानांच्या पाट्या हलवतो,
आणि मी, यास्ना, औषधांच्या काउंटरमागे,
खोकल्याच्या दोन गिऱ्हाइकांमधल्या वेळात
जहाजावरची डॉक्टरीण होते.
फोनवर, अंगठ्यांनी.

पलीकडे तार्मो. हापसालूचा. लव्हाळ्यांची छपरं शाकारतो.
त्याच्याकडे तेव्हा सकाळ;
शिडी गाडीवर बांधण्याआधी तो होतो रुडो,
एका डोळ्याने अधू, चोरटी दारू वाहणारा.
अकरा वर्षं झाली. आवाज मी त्याचा ऐकलेला नाही.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं:
"मी रुडोच्या थोबाडीत मारली आणि तो कोसळला."
त्याने कंसात उत्तर दिलं, शांतपणे:
(मारलीस ते तुझं. कोसळायचं की नाही ते माझं.)
कानाला खडा. तेव्हापासून
मी हात उगारते आणि तिथेच वाक्य थांबवते,
गाल कुठे वळतो त्याची वाट बघत.

बाकीचं हळूहळू कळलं.
जे मला ठाऊक ते डॉक्टरणीला ठाऊक नसतं:
पिंपात काय आहे ते तार्मोने मला सांगितलेलं,
आणि ती बापडी पिंपावरच बसून सफरचंद खाते.
शेवटच्या वाक्याला फट ठेवायची, कुलूप नाही.
रागवायचं ते पात्राने; आपण कंसात विचारायचं,
(भावाचं मरण चालेल ना?)
नव्हतं चालणार. कारण त्याने दिलं नाही, मी मागितलं नाही.
भाऊ पुन्हा बोटीत बसवला,
ओलाचिंब, शिंकत.

मग कोयाइकेचा नाउएल आला, सतरा वर्षांचा.
गोळी लागायची नाही, विष चढायचं नाही,
चार ओळींत बंदर जाळलं,
रुडोचा उरलेला डोळाही काढला.
मी फाडफाड बोलले.
तार्मोने फक्त विचारलं, (आग कुठून लागली? वास कसला येतोय?)
पोरगा दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी आला अख्खा परिच्छेद, स्वल्पविरामांसकट,
जळत्या डांबराचा,
आणि त्यात कुणीच मेलं नव्हतं.

मी मात्र कडकच राहिले. एका ओळीचं उत्तर
मला सोसत नसे. "तो हसला." बस्स?
भीक घालतोयस का, असं लिहिलं होतं मी नाउएलला.
आता आठवलं की कानशिलं तापतात.

मार्चमध्ये तार्मो थांबला.
आम्ही सांगून जाणारी माणसं,
(छपरांचा मोसम, पंधरवड्याने येतो), असं.
न सांगता तो कधी गेला नव्हता.
रुडो माझ्या केबिनच्या दाराशी, हातात कंदील,
एक पाय आत.
नाउएल म्हणाला, (बुडवू का त्याला? कथा पुढे जाईल.)
नाही.
मी वाऱ्याबद्दल लिहिलं. पट्ट्या उकळल्याबद्दल.
जिन्यावर चढणाऱ्या पाण्याबद्दल.
कंदिलात तेल घालावंसं फार वाटलं,
पण कंदील त्याच्या हातात होता.

चाळिसाव्या रात्री कंस आला, परक्या वळणाचा:
(मी केर्तु, त्याची मुलगी. बाबा छपरावरून पडले नाहीत,
सगळ्यांना तसंच वाटतं. अर्धांग. उजवा हात गेला.
डाव्याने लिहिणार म्हणतात. रागावू नका.)
आणि खाली, कंसाबाहेर:

"रूडो कंदिल खली ठेवतो"

समोर गिऱ्हाईक उभं होतं, तापाच्या गोळ्या मागत.
सुटे पैसे मी दोनदा चुकवले.
तेवढ्यात नाउएलचा निरोप, मला एकटीला:
(दुरुस्त करू नकोस हं.)

मला चार परिच्छेद सुचत होते:
दिव्याचा उजेड, त्याची सावली, अकरा वर्षं.
ते मी गिळले.
लिहिली एकच ओळ, त्याच्याएवढी,
पूर्णविराम न देता:

"डॉक्टरीण खुर्ची पुढे सरकवते"