हिसका

त्बिलिसीतल्या त्या जुन्या इमारतीत
लिफ्ट नाण्यावर चालते.
लामारा मात्र सहा महिने जिन्यानेच चढली,
बटाट्यांच्या पिशवीसकट, आठ मजले.
कुणी विचारलंच तर : गुडघ्यांना व्यायाम.

चौथ्या-पाचव्याच्या मध्ये एकदा
लिफ्टने हिसका दिला होता, इतकंच.
छातीत हातोडा, बोटांना मुंग्या,
आणि मेले, मेले, हा स्वतःचाच आवाज.
डॉक्टरांनी कागद दिला : हृदय ठणठणीत.
मग हे काय?

दुरुस्तीला आलेला ओतार
तेलकट बोट वर करून म्हणाला,
मावशी, हिसका म्हणजे ब्रेक.
तो धरतो. पाडत नाही.

तिला पटलं नाही.
पण त्या रात्री धडधड सुरू झाली
तेव्हा ती उठून खिडकीशी गेली नाही.
धरतंय काहीतरी, म्हणाली. धरू दे.
पहाटे कधीतरी झोप लागली.

आज नाणं टाकलं.
चौथ्यावर हिसका.
हातोडा आला, ठरल्यासारखा.
तिने त्याला हाकललं नाही,
फक्त पिशवी दुसऱ्या हातात घेतली.
सहाव्यापर्यंत तोच दमला
की तिचं लक्ष कोथिंबिरीच्या वासाकडे गेलं,
सांगता येत नाही.

संध्याकाळी सुटं नाणं नव्हतं.
जिन्यानेच उतरली,
व्यायामाचं नाव न घेता.